१९३९च्या ब्रिटिश नोंदवहीत आपला माणूस कसा शोधायचा

मराठी घराण्यांचे कुलवृत्तांत चाळताना एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते: ‘उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले.’ कुणी बॅरिस्टर व्हायला, कुणी आय.सी.एस.च्या परीक्षेला, कुणी एफ.आर.सी.एस. करायला. काहींच्या नावापुढे परत आल्याची नोंद असते. काहींच्या पुढे मात्र ‘तिकडेच स्थायिक’ एवढेच दोन शब्द असतात आणि वंशवेलीची ती फांदी तिथेच संपते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे तर ‘मडमेशी लग्न केलं म्हणे’ याच्या पलीकडे काही हाती लागत नाही.

अशी फांदी पुढे न्यायची असेल, आणि तो माणूस दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंड किंवा वेल्समध्ये असण्याची शक्यता असेल, तर सुरुवात १९३९च्या राष्ट्रीय नोंदवहीपासून करावी. इंग्रजीत तिला ‘नाइन्टीन थर्टीनाइन रजिस्टर’ म्हणतात. ज्यांची सून, जावई किंवा व्याही ब्रिटिश आहेत, ज्यांचे पूर्वज मुंबई-पुण्यातून तिकडे गेलेले अँग्लो-इंडियन आहेत, त्यांनाही पुढची पद्धत जशीच्या तशी लागू पडते. मी या लेखात भर मात्र आपल्या नावांवर आणि आपल्या अडचणींवर दिला आहे, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत नेमके तेच सापडत नाही.

ही वही का झाली, आणि ती इतकी मोलाची का

ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले. ५ सप्टेंबरला राष्ट्रीय नोंदणीचा कायदा मंजूर झाला आणि शुक्रवार, २९ सप्टेंबर हा नोंदणीचा दिवस ठरला. एवढ्या घाईत हे जमले, कारण १९४१च्या जनगणनेची तयारी आधीपासून चालू होती आणि तीच यंत्रणा इकडे वळवण्यात आली. सुमारे ६५,००० गणक घरोघर फॉर्म देऊन आले. पुढच्या रविवारी-सोमवारी ते परत गेले, भरलेले फॉर्म तपासले आणि तिथल्या तिथे प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र ठेवले. सरकारला तीन गोष्टी हव्या होत्या: सैन्यभरतीसाठी माणसांचा हिशेब, ओळखपत्रे आणि रेशनिंगची पूर्वतयारी. रेशनिंग ८ जानेवारी १९४० पासून सुरू झालेही. सुमारे ४ कोटी लोकांच्या या नोंदी आहेत.

आता मोल का, ते पाहा. इंग्लंड-वेल्सच्या १९३१च्या जनगणनेचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये हेझ इथल्या गोदामाला लागलेल्या आगीत जळून गेले. १९४१ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. १९५१ची झाली, पण ती शंभर वर्षे बंद राहणार. म्हणजे १९२१ नंतर सामान्य माणसाला सबंध देश घरवार पाहता येईल असा हा एकच दस्तऐवज आहे. विसाव्या आणि तिसाव्या दशकात विलायतेला गेलेली आपली पिढी नेमकी या पोकळीत सापडते, म्हणून आपल्यासाठी तर त्याला पर्याय नाही.

दुसरे कारण याहून मोठे आहे. जनगणनेचे कागद एकदा मोजदाद झाली की कपाटात जातात. ही वही तशी मिटली गेली नाही. ओळखपत्रांची सक्ती १९५२ मध्ये उठली, पण तोवर राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती (१९४८) आणि तिने याच वह्या आपल्या रुग्णनोंदणीसाठी वापरायला घेतल्या. कारकून १९९१ पर्यंत त्यांत दुरुस्त्या करत राहिले. मुलीचे लग्न झाले की जुन्या आडनावावर काट मारून वर नवे आडनाव लिहायचे, बहुधा वेगळ्या रंगाच्या शाईत. त्यामुळे २९ सप्टेंबर १९३९ च्या एका ओळीत पुढच्या पन्नास वर्षांतले बदलही दिसू शकतात. हे लक्षात ठेवा, शोधाच्या वेळी फार उपयोगी पडते.

शोधाला बसण्याआधी घरात काय गोळा करावे

नाव घेऊन थेट संकेतस्थळावर जाऊ नका. आधी जन्मतारीख मिळवा, कारण या वहीत वय लिहिलेले नाही, पूर्ण जन्मतारीख लिहिलेली आहे. नाव चुकीचे लिहिले गेले असेल (आणि आपले नाव बहुधा चुकीचेच लिहिलेले असते), तरी तारखेवरून माणूस सापडतो.

जन्मपत्रिका असेल तर तिच्यावर शके असतो. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आधीची असेल तर ७९ मिळवावे लागतात. शके १८३२ चा चैत्र म्हणजे १९१० चा एप्रिल. त्याच शकातला माघ मात्र १९११ मध्ये पडतो. तिथीवरून नेमकी तारीख काढायला जुने पंचांग किंवा पंचांगाचे सॉफ्टवेअर वापरा.

पण पत्रिकेतली तारीख आणि माणसाने फॉर्मवर सांगितलेली तारीख एकच असेल असे धरून चालू नका. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर जी तारीख लिहीत तीच मॅट्रिकच्या दाखल्यावर येई, तीच पासपोर्टवर आणि तीच लंडनमध्ये सांगितली जाई. आपल्याकडे किती जणांचा ‘वाढदिवस’ १ जूनला येतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून दोन्ही तारखा कागदावर लिहून ठेवा आणि दोन्ही वापरून शोधा. शाळेचा दाखला, मॅट्रिकचे प्रमाणपत्र, नोकरीतले सेवापुस्तक, विम्याची जुनी पॉलिसी, या सगळ्यांत ‘कागदोपत्री’ तारीख मिळू शकते.

दुसरी गोष्ट पत्ता. विलायतेहून आलेली पत्रे, पाकिटे, मागे छायाचित्रकाराचा शिक्का असलेले फोटो, बक्षीस मिळालेल्या पुस्तकाचे पहिले पान, लायब्ररीचे कार्ड, काहीही चालेल. १९३८चा पत्ता असला तरी उपयोगाचा आहे, कारण विद्यार्थी एका बोर्डिंग हाऊसमधून दुसऱ्यात गेले तरी बहुधा त्याच पेठेत फिरत. ब्लूम्सबरी हा भाग तर हिंदी विद्यार्थ्यांचा ठरलेलाच होता, इंडियन वाय.एम.सी.ए.चे वसतिगृह तेव्हा गॉवर स्ट्रीटवर होते.

तिसरी गोष्ट म्हणजे जुने ब्रिटिश ओळखपत्र किंवा आरोग्य सेवेचे कार्ड. असे काही ट्रंकेत सापडले तर तुमचे अर्धे काम झाले. कसे ते पुढे सांगतो.

वही कुठे पाहायला मिळते

मूळ वह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आर.जी. १०१ या मालिकेत नोंदलेल्या आहेत. पण त्या हाताळायला मिळत नाहीत. पाहायच्या त्या डिजिटल प्रतीच. फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्या नोव्हेंबर २०१५ मध्ये आल्या, नंतर अॅन्सेस्ट्रीवरही आल्या. नाव टाकून यादी पाहणे फुकट असते, पूर्ण नोंद आणि पानाचे चित्र पाहायला वर्गणी लागते. क्यूच्या वाचनकक्षात गेलात तर तिथल्या संगणकावर फुकट पाहता येते. ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत सदस्यांसाठी यांपैकी एखादे संकेतस्थळ मोफत असते, तेव्हा तुमचा भाचा-पुतण्या तिकडे असेल तर त्याला आधी वाचनालयात पाठवा.

दोन्ही संकेतस्थळे सारखी नाहीत. पत्त्यावरून शोधायची सोय फाइंडमायपास्टवर चांगली आहे आणि आपल्यासारख्यांना तीच जास्त लागते. पण एकीकडे माणूस सापडला नाही तर दुसरीकडे जरूर पाहावे. हस्ताक्षर वाचून अनुक्रमणिका करणारी माणसे वेगवेगळी, त्यामुळे चुकाही वेगवेगळ्या.

शोध: नावापासून सुरू करा, पण नावावर विसंबू नका

समजा, तुमच्या आजोबांचे थोरले बंधू नारायण गणेश देशपांडे लंडनला होते. ही व्यक्ती काल्पनिक आहे, पण अडचणी खऱ्या आहेत.

इंग्रज गणकापुढे हे तीन शब्द आले की त्याने शेवटचा शब्द आडनाव मानला, इथवर ठीक. पण फॉर्म बोर्डिंग हाऊसच्या मालकिणीने भरला असेल तर? तिला तो ‘मिस्टर नारायण’ म्हणून माहीत. मग आडनावाच्या रकान्यात नारायण आणि नावाच्या रकान्यात गणेश, असेही होते. म्हणून पहिला नियम: तीनही शब्द आळीपाळीने आडनाव म्हणून टाकून पाहा.

दुसरा नियम: स्पेलिंग सैल सोडा. फाइंडमायपास्टवर तारका (*) म्हणजे कितीही अक्षरे आणि प्रश्नचिन्ह (?) म्हणजे एक अक्षर. इंग्रजी घसटत्या अक्षरात ‘यू’ आणि ‘एन’ एकसारखे दिसतात, ‘ए’ आणि ‘ओ’ची गल्लत होते, ‘आर’चा ‘व्ही’ होतो. देशपांडेचे ‘देसपोंड’ होऊ शकते, कुलकर्णीचे ‘कुल्कामी’, पटवर्धनचे ‘पटवरधम’. आपल्या ‘ह’ने तर फारच घोळ होतात, भिडे, घाटे, खरे यांतला ‘एच’ ऐकणाऱ्याला ऐकूच येत नाही आणि तो गळतो. ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही टाका. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव अशा नावांत सुरुवातीला तीन व्यंजने सलग येतात, तिथे अनुक्रमणिका करणारा हमखास गोंधळतो. अशा वेळी पहिले अक्षर सोडून उरलेल्या भागावर शोधा.

तिसरा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नाव पूर्ण रिकामे ठेवा. फक्त जन्मतारीख, लिंग आणि विभाग टाका. सेंट पँक्रस, हॉर्नसी, हॅम्पस्टेड असे एकेक विभाग घेऊन त्या तारखेला जन्मलेले सगळे पुरुष पाहायचे. एखाद्या विभागात एकाच तारखेला जन्मलेले पुरुष यादीत मावतील इतकेच निघतात, आणि त्यांत स्मिथ, ब्राऊन, टेलर यांच्यामध्ये तुमचा माणूस कितीही वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये असला तरी चटकन डोळ्यांत भरतो. हे काम चिकाटीचे आहे, पण हाताशी तारीख असलेल्याला यश बहुधा इथेच मिळते.

चौथा मार्ग पत्त्याचा. रस्त्याचे नाव टाकून घर उघडा आणि त्या घरातले सगळे पाहा. नंतर शेजारची दोन घरे पाहा, मागचे-पुढचे पान उलटून पाहा. घर क्रमांक आठवणीत चुकतात, रस्ते सहसा चुकत नाहीत.

एक गंमतशीर वाट मुद्दाम सांगतो. फाइंडमायपास्टच्या अनुक्रमणिकेत नंतर लिहिलेली आडनावेही घेतलेली आहेत. म्हणून नुसते ‘देशपांडे’ शोधलेत तर १९३९ मध्ये भलत्याच आडनावाने, आई-वडिलांच्या घरी किंवा नर्सेसच्या वसतिगृहात राहणारी, आणि पुढे देशपांड्यांशी लग्न केलेली एखादी मुलगीही समोर येऊ शकते. ‘मडमेशी लग्न केलं म्हणे’ या वाक्यातल्या मडमेला नाव, जन्मतारीख, माहेर आणि व्यवसाय असा मिळतो. तुमचा माणूस स्वतः १९४५ नंतर तिकडे गेलेला असला, तरी त्याची ब्रिटिश बायको या वहीत असू शकते.

एक ओळ कशी वाचायची

पान उघडले की डावीकडे पत्ता, मग दोन आकडे, मग नाव. पहिला आकडा घराच्या फॉर्मचा, दुसरा त्या घरातल्या माणसाचा. पानाच्या वर त्या गणन-विभागाची इंग्रजी अक्षरांची खूण असते. ही अक्षरे, फॉर्मचा आकडा आणि माणसाचा आकडा मिळून जो क्रमांक होतो तोच त्याच्या ओळखपत्रावर लिहिला गेला, आणि पुढे तोच त्याचा आरोग्य सेवेचा क्रमांक झाला. मघाशी ट्रंकेतल्या कार्डाचे म्हणालो ते यासाठी. कार्डावर चार अक्षरे, मग ११२, मग ३ असे असेल, तर तो माणूस त्या विभागातल्या ११२ क्रमांकाच्या फॉर्मवरचा तिसरा. नाव कितीही बिघडलेले असो, कार्ड खोटे बोलत नाही.

नावानंतरच्या छोट्या रकान्यात एखादे अक्षर दिसले तर ते घर नसून संस्था आहे असे समजा: ओ म्हणजे संस्थेचा अधिकारी, व्ही म्हणजे पाहुणा, एस म्हणजे नोकर, पी म्हणजे रुग्ण, आय म्हणजे तिथे ठेवलेला इसम. वसतिगृहात उतरलेला विद्यार्थी यांत असू शकतो. मग स्त्री की पुरुष, जन्मतारीख, आणि वैवाहिक स्थितीचे एक अक्षर: एस म्हणजे अविवाहित, एम म्हणजे विवाहित, डब्ल्यू म्हणजे विधवा-विधुर, डी म्हणजे घटस्फोटित. आपल्याकडचे बरेच विद्यार्थी लग्न होऊन, बायकोला सासरी ठेवून गेलेले असत. तिकडे एकटा राहणारा, पण ‘एम’ लिहिलेला दिसला तर कोड्यात पडू नका. आणि घरी बायको असताना ‘एस’ दिसला तर तो प्रश्न सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी, ज्यांना तो लागेल त्यांचा विचार करा.

व्यवसायाचा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो. सरकारला कामाची माणसे हवी होती म्हणून तपशील मागितला होता. नुसते ‘विद्यार्थी’ न लिहिता कायद्याचा की वैद्यकाचा, हेही मिळते. घर सांभाळणाऱ्या जवळपास सर्व बायकांपुढे ‘अनपेड डोमेस्टिक ड्यूटीज’ असे एकच ठरावीक शब्द आहेत, त्यांवर जाऊ नका. त्यांतल्या कितीतरी जणी भाडेकरू ठेवत, शिलाई करत, दुकान चालवत. ज्या घरात तीन-चार वेगवेगळ्या आडनावांची तरुण मुले राहतात आणि एका प्रौढ विधवेपुढे हेच तीन शब्द लिहिले आहेत, तिथे ती बाई बोर्डिंग हाऊस चालवत होती हे उघड आहे. तुमच्या आजोबांच्या पत्रांतली ‘घरमालकीण’ तीच.

उजव्या पानाची फक्त कड दिसते. तिथे हवाई हल्ला संरक्षण दलाचा वॉर्डन, रुग्णवाहिका चालक, प्रथमोपचार पथक अशा स्वयंसेवी कामांच्या नोंदी डोकावतात. हिंदी डॉक्टरांच्या बाबतीत ती कड जरूर पाहा.

काट मारून लिहिलेल्या आडनावाशेजारी कधीकधी तारीख असते. ती लग्नाची तारीख नव्हे. बदल कळवला गेला त्या दिवसाची असते. लग्न त्याआधी काही दिवस किंवा काही वर्षेही झालेले असू शकते.

आणि हे ध्यानात असू द्या: आपण पाहतो ते घरमालकाने भरलेला मूळ फॉर्म नाही, गणकाने त्यावरून उतरवलेली वही आहे. तेव्हा पूर्वजाचे अक्षर म्हणून फ्रेम करून लावू नका, आणि नकलण्याची चूक शक्य आहे हे गृहीत धरा. या वहीत जन्मस्थळ नाही, नातेही लिहिलेले नाही. एका छपराखाली एका आडनावाचे दोघे दिसले म्हणून नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ ठरवून टाकू नका. पुरावा दुसरीकडून आणा.

काळी पट्टी

घर उघडले की काही ओळींवर काळी पट्टी दिसते आणि ‘ही नोंद अधिकृतपणे बंद आहे’ असे शब्द येतात. जन्माला शंभर वर्षे आणि एक दिवस झालेला नाही आणि मृत्यूचीही नोंद नाही, अशा व्यक्तीची ओळ झाकलेली असते. दरवर्षी आणखी ओळी उघडतात. त्या काळातले विद्यार्थी आता शंभरी केव्हाच ओलांडून गेले असते, त्यामुळे त्यांच्या ओळी खुल्या आहेत. झाकलेली असतात ती बहुधा त्या घरातली मुले.

आपल्या घरच्या एखाद्या मुलाची ओळ बंद असेल आणि ती व्यक्ती आता हयात नसेल, तर मृत्यूचा दाखला जोडून ती उघडायची विनंती करता येते. मृत्यू पुण्यात किंवा कोल्हापुरात झाला असेल तर तिकडच्या कारकुनाला तो कळणार कुठून? अशा वेळी महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. व्यक्ती हयात असेल तर ओळ झाकलेलीच राहू द्या. तिला विचारा, ती स्वतःच जास्त सांगेल.

सापडत नसेल तर

आधी तारीख डोळ्यांपुढे आणा. २९ सप्टेंबर म्हणजे कॉलेजे उघडण्याच्या आधीचा शुक्रवार, आणि युद्ध सुरू होऊन चार आठवडेही झालेले नाहीत. १ सप्टेंबरपासून तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसे, त्यांत मुख्यत्वे शाळकरी मुले, शहरांतून खेड्यांत हलवलेली होती. लंडनची कॉलेजेही हलत होती: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि प्राच्यविद्येची शाळा केंब्रिजला, किंग्ज कॉलेज ब्रिस्टलला. तुमचा माणूस अर्थशास्त्र शिकत होता म्हणून केवळ लंडन धुंडाळत बसलात तर तो केंब्रिजच्या एखाद्या खोलीत निघायचा. वैद्यकीय विद्यार्थ्यांचीही शहराबाहेरच्या इस्पितळांत पांगापांग झाली होती. म्हणून विभाग बदलून पाहा, आणि शेवटी विभाग सोडून द्या.

काही माणसे या वहीत नसणारच. लष्करी तळांवर आणि युद्धनौकांवर असलेले सैनिक यात नाहीत. समुद्रावर असलेले खलाशीही नाहीत, आणि हे कोकणी-गोमंतकीय घरांनी नीट समजून घ्यावे. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे डेकवरचे खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड पिढ्यान्‌पिढ्या काम करत. जहाज बंदरात नसेल तर नोंद नाही. अशांसाठी जहाजांच्या करारयाद्या पाहाव्या लागतात. आणि युद्धात बुडालेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी. मुंबईत मशीद बंदरच्या नाविकगृहातल्या स्मारकाशी जोडलेल्या यादीत व्यापारी जहाजांवरच्या सुमारे ६,००० हिंदी खलाशांची नावे आहेत. तिचा शोध आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट होतो.

गोव्याच्या माणसाची आणखी एक बाब. ब्रिटिश हिंदुस्थानातला माणूस तेव्हा ब्रिटिश प्रजाजन होता, त्याला पोलिसांत नोंद करायची गरज नव्हती. गोव्यात जन्मलेला मात्र पोर्तुगीज प्रजाजन, म्हणजे कायद्याने परदेशी. तेव्हा परदेशी नागरिकांच्या पोलीस नोंदी त्याच्या बाबतीत तपासण्यासारख्या आहेत. लंडनच्या पोलिसांची फार थोडी कार्डे उरली आहेत, ती क्यूला आहेत.

आया म्हणून साहेबांच्या मुलांबरोबर गेलेल्या बायका शोधणे सर्वांत अवघड, आणि मला वाटते सर्वांत निकडीचे. कुलवृत्तांतात त्यांना जागाच नाही. लंडनच्या हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर आयांचे वसतिगृह होते. मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या किंवा परतीच्या बोटीची वाट पाहणाऱ्या बायका तिथे राहत. २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. जहाजांच्या याद्यांत कित्येकदा नुसते ‘अमक्यांची आया’ एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी ज्या कुटुंबाकडे ती होती त्या साहेबाचे नाव शोधावे, आणि त्याचे घर उघडून आत कोण कोण आहे ते पाहावे.

माणूस स्कॉटलंडमध्ये असेल, एडिंबराला वैद्यक शिकत असेल, तर तो इंग्लंडच्या वहीत सापडणार नाही. स्कॉटलंडची नोंदणी त्याच दिवशी झाली, पण ती ऑनलाइन पाहता येत नाही. एडिंबराच्या राष्ट्रीय अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून, शुल्क भरून उतारा मागवावा लागतो. उत्तर आयर्लंडसाठी बेलफास्टच्या अभिलेखागाराकडे माहिती-हक्काचा अर्ज करतात. कॅनडात अशी नोंदणी ऑगस्ट १९४० मध्ये सोळा वर्षांवरच्या सर्वांची झाली. जर्मनांनी व्यापलेल्या जर्सी बेटावरची ओळखनोंदणीची कार्डे तर फोटोंसकट टिकली आहेत.

सापडल्यावर पुढे कुठे जावे

पहिले काम, संदर्भ पूर्ण लिहून घ्या: आर.जी. १०१, वहीचा क्रमांक, पान, ओळ, आणि विभागाची अक्षरे. पानाचे चित्र उतरवून घ्या. वर्गणी संपली की चित्र जाते आणि ‘मी कुठेतरी पाहिलं होतं’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मग जन्मतारीख हातात घेऊन मृत्यूच्या अनुक्रमणिकेकडे जा. इंग्लंड-वेल्सच्या मृत्यूच्या अनुक्रमणिकेत १९६९ पासून जन्मतारीख असते, म्हणून दोन्ही ठिकाणची तारीख जुळली की माणूस पक्का. ‘तिकडेच स्थायिक’ याचा शेवट इथे मिळतो. लग्नासाठी विवाहांची अनुक्रमणिका पाहा. १९१२ पासून तिच्यात जोडीदाराचे आडनाव दिलेले आहे. १९११च्या उत्तरार्धापासून जन्मांच्या अनुक्रमणिकेत आईचे माहेरचे आडनाव आहे, त्यामुळे एका जोडप्याची सगळी मुले एकत्र काढता येतात. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर या अनुक्रमणिकांचा मोठा भाग फुकट आहे. मृत्युपत्राचा शोध सरकारी संकेतस्थळावर होतो, आणि मृत्युपत्रात भारतातल्या भावंडांची नावे निघाली तर दुवा दोन्ही बाजूंनी जुळतो.

माणूस गेला कधी आणि आला कधी, यासाठी बोटींच्या प्रवासी याद्या आहेत: येणाऱ्यांची मालिका बी.टी. २६, जाणाऱ्यांची बी.टी. २७, दोन्ही १९६० पर्यंत. मुंबईहून टिलबरीला उतरलेल्याचा इंग्लंडमधला नियोजित पत्ता त्यांत मिळू शकतो, तो १९३९च्या पत्त्याशी ताडून पाहा. बॅरिस्टरकीसाठी गेलेल्यांची नोंद लंडनच्या चार ‘इन्स’पैकी, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांपैकी एकीत असते: लिंकन्स इन, ग्रेज इन, मिडल टेंपल, इनर टेंपल. त्यांच्या प्रवेशनोंदीत वडिलांचे नाव असते. या वहीत नाते नाही ही मघाशी सांगितलेली उणीव इथे भरून निघते, कारण वडिलांचे नाव कुलवृत्तांतातल्या नावाशी जुळले की हा तोच देशपांडे हे ठरते. हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन असल्याने तिथे मतदार होऊ शकत होता, म्हणून लंडनच्या १९३९पर्यंतच्या मतदारयाद्याही पाहा. त्यावरून त्याने घरे कधी बदलली ते वर्षावर्षाने मांडता येते.

हे सगळे जमल्यावर कुलवृत्तांताच्या संपादक मंडळाला कळवा. नव्या आवृत्तीत नोंद देताना नाव मूळ मराठीत, आणि वहीत ते कसे लिहिले होते ते स्पेलिंगही, असे दोन्ही द्या. इंग्लंडमध्ये वाढलेले त्यांचे नातू शोध घेतील तेव्हा त्यांच्या हाती तेच स्पेलिंग असेल.